रेसची गाडी ओढायला वीस लाख लागत नाहीत

माननीय संपादक,

स. न.

गेल्या रविवारच्या आपल्या वाहन पुरवणीत एका तरुण वाचकाचा प्रश्न छापून आला होता. त्याने शर्यतीची एक जुनी, छोटी गाडी घेतली आहे आणि ती ट्रेलरवर घालून कोइम्बतूरला न्यायची आहे, तर ओढायला परवडेल अशी गाडी कुठली? उत्तर देणाऱ्या तज्ज्ञांनी दीडशेच्या वर अश्वशक्ती आणि फोर-व्हील ड्राइव्ह सांगितले, आणि अठरा ते वीस लाखांची तयारी ठेवा म्हणाले. उत्तर वाचून माझी मुलगी हसत सुटली. तिचीही गाडी तेवढीच छोटी आहे. गेली तीन वर्षे ती ज्या बोलेरोच्या मागून कोइम्बतूरला जाते, ती मी 3,40,000 रुपयांना घेतली. अश्वशक्ती साठ-पासष्ट.

तज्ज्ञांवर माझा राग नाही. जाहिरातीत इंजिनाचाच आकडा मोठा छापतात, त्यांनी तोच उचलला. मी 1996 पासून गोव्यातल्या उसगाव भागात खनिजाचे दोन टिप्पर चालवले, एकावर मी, दुसऱ्यावर भाऊ. भरलेला टिप्पर चढावर रडतो, गुरगुरतो, दुसऱ्या गिअरवर येतो, पण चढतो. चढाला कुणाची गाडी दरीत गेलेली मी पाहिली नाही. जे काही पाहिले ते उतारावर. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, टिप्पर दारात उभे राहून गंजले, एक तर भंगाराच्या भावाने गेला. पण भरलेली गाडी थांबवायची कशी हे काही अंगातून गेले नाही. त्या जोरावर हे पत्र लिहितो आहे. लांबले तर कात्री लावा, फक्त वजनाचा भाग कापू नका.

मुलगी नुवेच्या कार्टिंग ट्रॅकवर शिकली. आता तिच्याकडे एका आसनाची, उघड्या चाकांची फॉर्म्युला जातीची जुनी गाडी आहे. ड्रायव्हरच्या पाठीमागे मारुतीचे 1298 सीसीचे इंजिन. दिवे नाहीत, हॉर्न नाही, नंबरप्लेट नाही, पोट जमिनीपासून चार बोटांवर. आमच्या वाड्यावरचा स्पीडब्रेकरसुद्धा ती ओलांडणार नाही. गोव्यात गाड्यांच्या शर्यतीचा कायमचा ट्रॅक नाही. दक्षिणेत जुने दोन आहेत, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे 3.7 किलोमीटरचा आणि कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमचा कारी मोटर स्पीडवे, दोन किलोमीटरांच्या थोडा वरचा. आमचे जाणे बहुतेक कोइम्बतूरलाच. मोले, अनमोड, रामनगर, धारवाड, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम अशी वाट, नऊशे किलोमीटरांच्या वर.

पहिल्या दोन वेळा ट्रक ठरवला. एका खेपेचे जाऊन-येऊन 62,000 रुपये. दुसऱ्या खेपेला ट्रकवाल्याला वाटेत परतीचा माल मिळाला आणि आमची गाडी त्याच्या सवडीने पाच दिवसांनी घरी आली, पुढच्या पंख्यावर (नाकाशी असते ती आडवी पाती) कांद्याच्या गोणीचा दाब घेऊन. फायबरचा पंखा तो, चिरला. त्या दिवशी ठरले की स्वतःची सोय करायची.

आता वजनाचे. कुठल्याही शोरूमची किंवा दलालाची पायरी चढण्याआधी त्या तरुणाने वजनकाट्यावर जावे. आमच्या भागात खनिजामुळे काट्यांना तोटा नव्हता, अजूनही एक-दोन चालू आहेत. मुलीचा अंदाज होता, "पप्पा, सगळे मिळून सहाशे होईल." काट्यावर एकेक चढवले. रेसची गाडी 460 किलो. रिकामा ट्रेलर 340. राहिले चार जादा टायर रिमसकट, जॅक, हत्यारांची पेटी, पेट्रोलचे कॅन, ताडपत्री, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाणी, ते 120. बेरीज 920. रेसची गाडी सगळे मोजतात, ट्रेलर कुणी मोजत नाही. आणि ट्रेलर जितका मजबूत करावा तितका जड होतो. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून मान बाहेर काढून विचारले, "पात्रांव, हें विमान खंयचें?" म्हणजे मालक, हे विमान कुठले?

920 किलो ओढायला लागणारी ताकद फार नाही. मोठा खर्च तो थांबवण्याचा. ओढणाऱ्या गाडीचे ब्रेक तिच्या स्वतःच्या वजनाच्या हिशेबाने बनवलेले असतात. मागे पाऊण-एक टन लटकवला की तोही त्याच ब्रेकांवर येतो. त्यातून उतारावर 40 ऐवजी 60 ने आलात तर वेग होतो दीडपट, पण ब्रेकांना जिरवावी लागणारी उष्णता सव्वादोनपट. म्हणून युरोपात 750 किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपण त्या आकड्याच्या वर गेलो हे काट्याने सांगितले, तेव्हा ट्रेलरलाही ब्रेक बसवायचे ठरले. ट्रेलरला ओमनीची 145 आर 12 ची चाके आहेत, त्यामुळे ओमनीचेच मागचे ब्रेकचे ड्रम बसले. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर मागून हुकाला जोडलेल्या दांड्याला ढकलतो, दांडा थोडा आत सरकतो आणि मास्टर सिलिंडर दाबून ट्रेलरचे ब्रेक लावतो. साधी युक्ती आहे. मागे घेताना मात्र तोच दांडा आत जाऊन ब्रेक आवळतो, म्हणून एक खिळ घालावी लागते. पुढे निघण्याआधी खिळ काढायला विसरलात तर ट्रेलर बिनब्रेकचा. आमच्या खिळीला लाल रिबन बांधली आहे, ती मुलीची शाळेतली.

मग गाडी कशी हवी? मागच्या वजनाच्या दीडपटीहून जड, खाली वेगळी चॅसिस (लोखंडी सांगाडा) असलेली, आणि मागची चाके फिरवणारी. हल्लीच्या बहुतेक घरगुती गाड्यांना वेगळी चॅसिस नसते, पत्र्याची बॉडी हीच चॅसिस. तिला हुक लावायचा तर डिकीच्या खालचा पत्राच मिळतो. शिवाय त्या पुढच्या चाकांनी ओढतात. मागे दांड्याचा भार पडला की नाक हलके होते, आणि पावसात घाटातल्या वळणावर पुढचे चाक नुसते फिरत राहते. आमच्या घरच्या सात आसनी गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलरचा आकडा शोधला. छताच्या कॅरिअरवर किती वजन ठेवावे ते होते, ओढण्याचे काहीच नव्हते. पुस्तिकेत आकडा नसेल तर ती गाडी त्या कामाची नाही असे मी धरतो.

आम्ही काय काय पाहिले ते सांगतो.

छोटा हत्ती म्हणजे टाटा एस आधी मनात आला, की ओढायची भानगडच नको, पाठीवर घालून नेऊ. हौदा सात फुटांचा, आमची गाडी बारा फुटांवर. विषय संपला. टाटा 407 चा हौदा त्याहून लांब (गाडी बसते का ते मोजून घ्यावे), आणि 1986 पासून रस्त्यावर असलेल्या त्या गाडीचा फिटर प्रत्येक गावात मिळतो. परवान्याचीही अडचण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले आहे की 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधा हलक्या वाहनाचा परवाना चालतो. पण पिवळी पाटी आली की पासिंग आले, आठ वर्षांनंतर दरवर्षी. वर्षातून चार वेळा निघणाऱ्या गाडीला हे ओझे कोण उचलणार? तिघे-चौघे रेसवाले एकत्र येऊन ते ओझे वाटून घेणार असतील तर मात्र 407 सारखी सोय नाही. त्या तरुणाला आणखी दोन मित्र असतील तर त्याने पुढचे वाचू नये, 407 बघावी.

क्वालिस 2005 मध्ये बंद झाली, तिचा भाव मात्र बंद झालेला नाही. जुनी इनोव्हा मागच्या चाकांनी ओढणारी, चॅसिसवाली, उत्तम गाडी. पण तिचे मालक दोन लाख किलोमीटर झाल्यावरही सोन्याच्या भावाने बोलतात. स्कॉर्पिओचे इंजिन मला मनापासून आवडते. मागे कॉइल स्प्रिंग असल्यामुळे दांड्याचा भार पडल्यावर ती थोडी बसते, तेही चालवून घेतले असते. पण सेकंडहँड स्कॉर्पिओ बघायला गेलो की मालक पंचविशीतला निघायचा, आणि पंचविशीतल्या मुलाने स्कॉर्पिओ कशी चालवली असेल हे मला विचारू नका.

सुमो जवळजवळ घेतली होती. मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), साधी रचना, आणि सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावातल्या पहिल्या अक्षरांवरून पडलेले नाव. डिचोलीतही एक मुळगाव आहे, म्हणून ती आम्हाला उगीचच घरची वाटते. सांगेला एक मिळाली, चॅसिस खणखणीत. पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि हिची आठ महिन्यांत संपत होती. नूतनीकरणाचे शुल्क 2022 च्या एप्रिलपासून 5,000 रुपये, ते ठीक. त्यासाठी तपासणीत जे जे निघेल ते दुरुस्त करा, आणि सुमो 2019 मध्ये बंद झालेली. सोडली. अजूनही सांगेला गेलो की ती दिसते, आणि वाईट वाटते.

शेवटी वाळपईच्या एका कुळागरवाल्याची (सुपारी-नारळाच्या बागायतदाराची) 2013 ची बोलेरो मिळाली. 2523 सीसीचे जुने इंजिन, मागे पाटे, स्वतःचे वजन साडेसोळाशेच्या आसपास. म्हणजे मागच्या 920 च्या पावणेदोनपट. वेगाला मंद, बसायला कडक, सजावट शून्य. सुपारीची पोती वाहून पाटे मुरलेले.

गोव्यात जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिनाआधी गंज बघावा. किनाऱ्यावरची गाडी वरून पॉलिश मारून आरशासारखी दिसते आणि चॅसिस आतून खाऱ्या हवेने पापडासारखी झालेली असते. ओढण्याच्या कामात सगळा ताण चॅसिसच्या मागच्या दोन हातांवर येतो, नेमका तिथेच चिखल साचतो. मी पाव किलोची हातोडी घेऊन जातो. चॅसिसवर हलकी टिचकी मारत मागून पुढे यायचे. चांगले लोखंड टण्ण वाजते. जिथे ठप्प असा आवाज येईल तिथे थांबायचे आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबायचे. कळंगुटच्या बाजूच्या एका गाडीत टोक आत गेले. मालक म्हणाला, "तो नुसता रंग आहे." मी म्हटले, रंगाच्या मागे काय आहे तेच बघतोय. दुसरी खूण खाण भागातल्या गाड्यांची. सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या फुटावर लाल धूळ असेल तर गाडीने काय केले आहे ते कळते, मग मालक म्हणू दे डॉक्टरची आहे.

घेतल्यानंतर क्लच, चार टायर आणि ब्रेकचे सगळे रबर-लायनर बदलले, 52,000 रुपये गेले. ब्रेक ऑइलकडे लोक लक्ष देत नाहीत. ते हवेतले पाणी शोषते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाण्याशिवाय असते काय? डॉट 3 ऑइल नवे असताना 205 अंशांना उकळते, पाणी पुरेसे मुरले की 140 लाच. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळले, नळीत वाफ झाली की पेडल तळाला जाते आणि खाली काहीच लागत नाही. दर वर्षी पावसाळा सरला की मी ऑइल बदलतो. खर्च हजाराच्या आत.

हुक बसवायला आधी एका औद्योगिक वसाहतीतल्या वेल्डिंगच्या कारखान्यात दिले होते. त्यांनी छान रंगवून दिला. घरी आणून खाली वाकलो तर हुकाची पट्टी बंपरच्या ब्रॅकेटला जोडलेली, चॅसिसपर्यंत पोचलेलीच नाही! जे ब्रॅकेट धडकेत वाकावे म्हणून बनवलेले, त्याच्यावर माझी मुलगी आणि तिची गाडी नऊशे किलोमीटर जाणार होती. काढून टाकला, पैसे बुडाले. मग मीच दहा मिलिमीटरची प्लेट कापून चॅसिसच्या दोन्ही हातांना आरपार बोल्ट मारून घेतली. बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेले असते ते बघून घ्यावे, हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट इथे चालत नाही. खाली दोन साखळ्या, एकमेकींना ओलांडून बांधलेल्या, म्हणजे हुक सुटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. सगळे मिळून 9,000 रुपये.

आता आमची फजिती. ट्रेलरच्या पहिल्याच खेपेला धारवाड सोडले, रस्ता सरळ, भाचा चालवत होता, काटा सत्तरच्या वर गेला असेल. एक एसटी जोरात बाजूने गेली आणि ट्रेलरने शेपूट हलवले. एकदा डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्त. बोलेरोची पाठ त्याच्याबरोबर हलायला लागली. भाच्याने ब्रेकवर पाय ठेवला तसा मी ओरडलो, "ब्रेक नको, पाय काढ, स्टिअरिंग सरळ धर!" वेग आपोआप उतरला, पन्नासच्या खाली आल्यावर ट्रेलर निमूट मागे येऊ लागला. एका धाब्यावर थांबलो. मुलगी चार मिनिटे काही बोलली नाही, मग म्हणाली, "ट्रॅकवर मला इतकी भीती कधी वाटली नाही."

चूक माझी होती. फॉर्म्युला गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स मागे असतात. आम्ही ती नाक पुढे करून चढवली होती, म्हणजे सगळा जडपणा ट्रेलरच्या चाकांच्या मागे. दांडा हुकावर टेकलेला असायला हवा, तो जवळजवळ तरंगत होता. कोइम्बतूरपर्यंत पन्नासच्या वर गेलो नाही. घरी आल्यावर न्हाणीघरातला माणसांचा वजनकाटा अंगणात आणला. त्याच्यावर एक लाकडी ठोकळा उभा केला, ट्रेलर सपाट राहील अशा बेताने दांडा ठोकळ्यावर ठेवला. पंधरा किलो! एकूण 920 मधले पंधरा. साधारण दहावा हिस्सा, म्हणजे नव्वदच्या आसपास, दांड्यावर हवा. मग गाडी ट्रेलरवर थोडी थोडी पुढे ढकलत गेलो, मुलगी काट्याचा आकडा वाचत होती. दीड फूट पुढे सरकवल्यावर काटा 86 वर आला. तिथे चाकांपुढे लाकडाचा अडसर कायमचा लोखंडी पट्टीने बसवला, की दर वेळी मोजायला नको.

आता गाडीचे नाक दांड्यावर आले आणि वळताना बोलेरोच्या मागच्या दारावरच्या स्टेपनीला लागू लागले. म्हणून प्रवासात नाक आणि पुढचा पंखा सुटा करून बोलेरोत मागच्या सीटवर ठेवतो, आजीच्या गोधडीत गुंडाळून. टोल नाक्यावरचे लोक डोकावून बघतात, बहुधा आजारी माणूस निजला आहे असे समजतात. त्या दिवसापासून ट्रेलर शेपूट हलवत नाही. तरी साठच्या वर नेत नाही.

दुसरी गोष्ट अनमोड घाटाची. येताना पहाटे माणूस थकलेला असतो, घर जवळ आलेले असते, आणि घाट नेमका तेव्हा उतरायचा असतो. दुसऱ्या खेपेला भाच्याने डिझेल वाचवायच्या नादात चौथ्या गिअरवर घाट घेतला, पाय ब्रेकवर. मी मागे झोपलो होतो. मोलेच्या नाक्यावर जाग आली ती वासाने. पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता. पाणी ओतू दिले नाही, तापलेली डिस्क पाण्याने चिरते. अर्धा तास बसून राहिलो. टिप्परवाल्यांचा जुना नियम आहे, ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा. आम्ही चढताना दुसरा-तिसरा करत चढतो, उतरतानाही तेच. इंजिन ओरडू दे, ते ओरडण्यासाठीच आहे. घाटात दूधसागर देवस्थानापाशी ट्रकवाले थांबून हात जोडतात. आम्हीही थांबतो, आणि मी उलट्या हाताने ट्रेलरचे दोन्ही हब (चाकांचे मधले भाग) चाचपतो. दोहोंपैकी एकच हब हात टेकवणार नाही इतका तापला असेल तर बेअरिंगचा संशय घ्यायचा. एक जोडी बेअरिंग आणि ग्रीस नेहमी पेटीत असते.

ट्रेलरच्या टायरबद्दल एक वाक्य लिहितो. ते झिजून मरत नाहीत, उन्हात उभे राहून मरतात. म्हणून नक्षी न बघता बाजूवरचा चार अंकी आकडा बघा. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

कागदपत्रांचा भाग मात्र मला अजून डाचतो. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे त्याला नोंदणी हवी, नंबर हवा, विमा हवा. आम्ही सगळे रीतसर करायचे ठरवून एका वाहतूक कार्यालयात गेलो. पहिल्या दिवशी विचारले, "ट्रॅक्टरचा ना?" ट्रॅक्टर नाही म्हटल्यावर दुसऱ्या खिडकीवर पाठवले. दुसऱ्या खिडकीने पुढच्या आठवड्यात यायला सांगितले. पुढच्या आठवड्यात पहिल्या खिडकीवर नवे गृहस्थ होते, त्यांनी विचारले, "ट्रॅक्टरचा ना?" पाच फेऱ्यांनी काम झाले, पैसेही फक्त पावतीचे लागले, हे कबूल केले पाहिजे. पण कुठला कागद आधी आणि कुठला नंतर हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि पाच दिवस दुकान बंद ठेवणे सगळ्यांना जमत नाही. जमत नाही ते तसाच ट्रेलर जोडून रात्री नाका ओलांडतात. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल हे सांगायला नको. वाहतूक खात्याने हलक्या ट्रेलरची एक पानी माहिती मराठी-कोकणीत काढली तर बोटीवाले, घोडेवाले, केटरिंगवाले, सगळ्यांचेच काम होईल. आपल्या दैनिकाने एवढा पाठपुरावा करावा ही विनंती.

हिशेब देतो, कारण प्रश्न परवडण्याचा होता. बोलेरो 3,40,000, तिची डागडुजी 52,000, ट्रेलर ब्रेकांसकट 1,15,000, हुक 9,000. एकूण 5,16,000 रुपये. मागे ट्रेलर असताना लिटरला नऊ किलोमीटर पडतात, जाऊन-येऊन दोनशे लिटरच्या वर डिझेल, नव्वदच्या भावाने साडेअठरा हजारांच्या आसपास, टोल वेगळा. ट्रकच्या 62,000 शी ताडून बघा. आणि मधल्या महिन्यांत बोलेरो भाताची, शेणखताची, पाव्हण्यांची ने-आण करते. वीस लाखांची गाडी असती तर शेणखत मी तिच्यात घातले नसते.

त्या तरुणाने आपल्याकडे चौकशी केली तर माझा पत्ता त्याला जरूर द्यावा. ट्रेलर अंगणात उभा आहे, खाली वाकून काय बघायचे ते बघून घेऊ दे, हातोडीही देईन. वजनकाटा मात्र त्याने आपला आणावा. आमचा घरच्यांनी परत न्हाणीघरात नेला आहे, आणि त्याच्यावर ठोकळ्याचा चौकोनी वळ उठला म्हणून मला अजून ऐकून घ्यावे लागते.

आपला,
एक जुना टिप्परवाला
तिस्क-उसगाव